पत्रकाराला उत्तरं मेलवर द्यावीत की फोनवर?

"प्रश्न मेल करू की फोनवर बोलू या?" असं पत्रकारानं विचारलं की बरेच जण मेल निवडतात. शब्द आपले राहतात, विचाराला वेळ मिळतो, लेखी पुरावा उरतो. प्रकरण न्यायप्रविष्ट असेल किंवा उत्तर आकड्यांनीच भरलेलं असेल तर मेलच बरा.

एरवी मात्र मेलची एक गोष्ट मला फार खटकते. चार परिच्छेद पाठवावेत आणि छापून यावं एकच वाक्य, तेही नेमकं "मात्र"च्या आधी तोडलेलं. "पाणी पिण्यायोग्य आहे. मात्र ते उकळून घ्यावं." यातलं पहिलंच वाक्य बातमीत गेलं तर अर्थ उलटतो. पत्रकाराचा हेतू वाईट असतो असं नाही; जागा कमी असते आणि त्याला काय समजलं हे आपल्याला कळत नाही. फोनवर ते कळतं. त्याचा पुढचा प्रश्न चुकीच्या दिशेला गेला की गैरसमज कुठे झाला ते लगेच दिसतं आणि तिथल्या तिथे दुरुस्त करता येतं. अट त्याच वाक्यात बांधायची सवय दोन्हीकडे हवी: "उकळून घेतलं तरच पाणी पिण्यायोग्य आहे."

फोनचे धोके खरे आहेत, पण बरेचसे तयारीनं टळतात. पहिल्याच फोनवर उत्तरं देऊ नयेत. बातमी कशावर आहे, आणखी कोणाशी बोलणं झालंय, कधीपर्यंत हवंय एवढं विचारून अर्ध्या तासानं फोन करावा. तेवढ्यात तीन मुद्दे कागदावर, प्रत्येकी एका वाक्यात. उत्तर संपलं की थांबावं. पलीकडची शांतता भरायला गेलं की नको ते बोललं जातं. "हा घोटाळाच ना?" या प्रश्नाला "हा घोटाळा नाही" असं उत्तर दिलं तर मथळ्यात घोटाळा येतो, म्हणून काय घडलं तेवढंच सांगावं. "हे छापू नका" ही अट बोलण्याआधी घालून त्याचा होकार घ्यावा. बोलून झाल्यावर ती पाळायला तो बांधील नसतो.

आकडे ऐकण्यात चुकतात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर फोनवर सारखेच वाटतात. "पाच-नऊ" असे अंक सुटे सांगावेत, आणि फोन ठेवल्याबरोबर आकडे, नाव, हुद्दा मेसेजनं पाठवावेत. मेलचा मोठा फायदा इथेच मिळून जातो, म्हणून माझा कल फोनकडे. पूर्ण बातमी आधी दाखवा असा आग्रह बहुधा मान्य होत नाही. आपलं विधान तेवढं वाचून दाखवाल का, याला बरेच जण तयार होतात.

मेलशिवाय पर्याय नसेल तर प्रत्येक उत्तर दोन वाक्यांत आटपावं आणि शेवटी डेडलाइनआधी आपण फोनवर कधी सापडू ती वेळ लिहावी.