दीव की हरिहरेश्वर? बडोद्याच्या गटासाठी किनारी पदभ्रमणाची निवड

पावागड आणि जांबुघोड्याच्या वाटा पुरेशा पायाखालून गेल्या की बडोद्यातल्या मराठी गटांमध्ये समुद्राचा विषय निघतो, आणि तो निघाला की दीव आणि हरिहरेश्वर ही दोन नावे बहुधा पुढे येतात. आमचा चौदा-पंधरा जणांचा गट दोन्हीकडे जाऊन आलेला आहे. कोणते ठिकाण अधिक सुंदर, या प्रश्नावर आमच्यात अजून एकमत झालेले नाही; परंतु खडकाळ किनारा हा फक्त ओहोटीत चालण्याजोगा असतो, त्यामुळे ओहोटी कधी मिळते आणि त्या वेळी आपण तेथे पोहोचलेले असू का, यावरूनच निवड करावी, हे मात्र सर्वांना पटलेले आहे.

प्रवासाचा हिशेब आधी मांडतो. दीव रस्त्याने चारशेहून अधिक किलोमीटर आहे. शुक्रवारी रात्री मिनीबस काढली की तारापूर, भावनगर, महुवा, ऊना या मार्गाने शनिवारी सकाळी पोहोचता येते आणि रविवारी दुपारी निघून रात्री उशिरा घर गाठता येते. हरिहरेश्वरसाठी पनवेलपर्यंत रेल्वेने सुमारे चारशे किलोमीटर आणि पुढे माणगाव, श्रीवर्धन असा साडेतीन ते चार तासांचा रस्ता करावा लागतो, म्हणजे शनिवारची दुपार प्रवासातच जाते. सोमवारची सुटी जोडता येत नसेल तर हरिहरेश्वरचा विचार सोडून द्यावा, असे मी स्पष्टपणे सुचवेन. आम्ही पहिल्या वेळी दोनच दिवसांत ते बसवण्याचा प्रयत्न केला. पौर्णिमेच्या दिवशी भर दुपारी देवळामागून किनाऱ्याच्या खडकांवर उतरणाऱ्या प्रदक्षिणा मार्गाच्या तोंडाशी पोहोचलो, तेव्हा खाली लाटा थेट कातळावर आपटत होत्या आणि तेथल्या एका वयस्कर गृहस्थांनी आम्हाला तिथूनच परत पाठवले. त्यांचे आजही आभार मानावेसे वाटतात, कारण त्या खडकांवर पर्यटक बुडाल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

दीवचा खडक चुनखडीचा आहे. समुद्राने त्याला इतकी भोके पाडलेली आहेत की पृष्ठभाग खवणीसारखा झाला आहे. पाय सहसा घसरत नाही, मात्र तोल गेला आणि हात टेकला तर तळवा सोलवटून निघतो, म्हणून जाड तळाचे बूट हवेतच. किल्ल्यापासून निघून जालंधर, चक्रतीर्थ, फुदमचे गंगेश्वर आणि तेथून नागवा असा दक्षिण किनारा धरला, तर रमतगमत एका दिवसाची चाल होते, आणि थकलेल्याला जवळच्या रस्त्यावर येऊन रिक्षा गाठता येते. गंगेश्वरला कपारीतल्या शिवलिंगांवर भरतीचे पाणी येते. चक्रतीर्थाजवळ ‘खुकरी’ या युद्धनौकेचे स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी पाणबुडीने ती दीवपासून दूर समुद्रात बुडवली आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता त्याच्याबरोबर गेले. आमच्या गटातले बोलके लोकही तेथे काही वेळ गप्प उभे राहिले होते. किल्ल्याचा संबंध तर थेट आपल्या पावागडाशी लागतो: १५३५ मध्ये हुमायूनने पावागडाच्या पायथ्याचे चांपानेर जिंकल्यावर अडचणीत आलेल्या सुलतान बहादुरशहाने पोर्तुगीजांची मदत मिळवण्यासाठी त्यांना दीवला किल्ला बांधू दिला, आणि त्यांची सत्ता तेथे १९६१ च्या डिसेंबरपर्यंत टिकली.

हरिहरेश्वरचा कातळ काळ्या बेसाल्टचा, म्हणजे सह्याद्रीच्याच लाव्हाचा आहे. काळभैरवाच्या देवळामागून डोंगराच्या घळीतल्या पायऱ्या उतरून खाली आले की लाटांनी कापलेला रुंद, सपाट खडक लागतो आणि बाजूच्या भिंतीवर वाऱ्याने व खाऱ्या पाण्याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी कोरलेली दिसते. इतके विलक्षण दृश्य मी दीवला पाहिलेले नाही. परंतु येथे शेवाळ आहे, कालवांची धारदार कवचे आहेत, आणि मुख्य म्हणजे पाणी चढू लागले की बाजूला निघायला वाट नाही. डोंगर एका हाताला आणि समुद्र दुसऱ्या हाताला असतो.

दोन्ही ठिकाणांतला खरा फरक पाण्याचा आहे. दीवला भरती-ओहोटीतले अंतर तुलनेने कमी असते, त्यामुळे चुकीची तारीख निवडली तरी काही भाग रस्त्याने चालून दिवस सत्कारणी लागतो. कोकणच्या या भागात उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या दिवसांत पाणी दीवपेक्षा बरेच अधिक चढते-उतरते, म्हणून तारीख तिथी पाहूनच ठरवावी लागते. किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते: अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ वाजता, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. या हिशेबाने रविवारी द्वितीया ते पंचमी यांपैकी तिथी असेल तर ओहोटी सकाळी साडेसात ते दहाच्या दरम्यान मिळते, उधाण नुकतेच सरलेले असल्याने पाणीही बरेच आत गेलेले असते, आणि उन्ह चढायच्या आत प्रदक्षिणा पूर्ण होते. आडाख्याने रविवार निवडावा; प्रत्यक्ष वेळ मात्र भरतीच्या छापील तक्त्यावरून आणि गावातल्या माणसाला विचारूनच पक्की करावी. खाली उतरायचे ते पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी, आणि पाणी फिरल्यावर रेंगाळायचे नाही.

ज्यांच्याकडे तीन दिवस आहेत त्यांनी त्याच दुपारी बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरावे आणि बाणकोटचा किल्ला पाहून वेळासला मुक्कामाला जावे. वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडली जातात. राहणे-जेवणे घरगुती असते, आमटी-भाताबरोबर सोलकढी मिळते आणि आधी कळवल्यास मोदकही होतात. बडोद्यात वाढलेल्या आमच्या मुलांना कोकणातल्या घरांतले मराठी दोन दिवस कानांवर पडले, याचे मोल माझ्या लेखी मोठे आहे.

दीवला हॉटेले भरपूर आहेत, परंतु शनिवार-रविवारी दर चढतात. गुजरातेत दारूबंदी असल्याने पिण्यासाठी येणाऱ्यांची गर्दीही याच दोन दिवसांत असते. मुले आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर नागव्याऐवजी घोघल्याच्या बाजूला उतरावे, आणि परतताना ऊन्याच्या नाक्यावर अडचण नको असेल तर गटात कोणीही बाटली बरोबर घेणार नाही, हे निघण्यापूर्वीच ठरवावे.

तळाज्याजवळचे गोपनाथ हा तिसरा पर्याय काही जण सुचवतात. ते सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे, नरसिंह मेहतांशी जोडलेले देवस्थान तेथे आहे आणि कडाही देखणा आहे. पण चालण्याचा टप्पा लहान आहे. शिवाय जवळच भावनगरकडे भरती-ओहोटीतले अंतर दहा मीटरच्याही वर जाते. कावी-कंबोईला स्तंभेश्वराचे लिंग पाण्याखाली जाताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना खंबातच्या आखातातले पाणी किती वेगाने चढते ते सांगायला नको. कड्यावरून पाहण्यासाठी गोपनाथला जरूर जावे, खाली उतरून लांब चालण्यासाठी नाही.

आमच्या गटापुरते म्हणाल तर नवीन सभासद असलेली सहल आम्ही दीवला नेतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या कोणत्याही शनिवारी. हरिहरेश्वरसाठी दिवाळीनंतर नवे पंचांग पाहून सोयीची तिथी असलेले रविवार काढतो, त्यांतला ज्याला लागून सोमवारची सुटी आहे तो धरतो, आणि पावागड न थांबता चढून उतरणाऱ्यांचीच नावे त्या यादीत घेतो.