हायड्रोजन रेषेसाठी आरटीएल-एसडीआर की एअरस्पाय मिनी?

डिश ठरली, फीड (डिशच्या केंद्रावरचा अँटेना) जमलं, एलएनए (सिग्नल वाढवणारा कमी गोंगाटाचा अ‍ॅम्प्लिफायर) आला, की घोडं अडतं ते रिसीव्हरपाशी. १४२०.४०५७५ मेगाहर्ट्‌झची हायड्रोजन रेषा, म्हणजे अवकाशातल्या हायड्रोजनचा रेडिओ सिग्नल, पाहायची तर बहुतेकांच्या यादीत संगणकाला जोडायच्या सॉफ्टवेअर रेडिओंची (एसडीआर) शेवटी दोनच नावं उरतात: आरटीएल-एसडीआर ब्लॉगचा व्ही ३ किंवा व्ही ४ डोंगल, आणि एअरस्पाय मिनी. दुसरा पहिल्याच्या ढोबळमानाने तिप्पट महाग. रेषा दोन्हींवर दिसते, हे आधीच सांगतो. त्यामुळे ‘कोणावर दिसेल’ हा प्रश्नच नाही. दिसलेल्या आलेखावर कितपत विश्वास ठेवता येईल, हा आहे.

पहिल्यांदा ८ बिट विरुद्ध १२ बिट हा वाद बाजूला ठेवू, कारण त्यावर नाहक फार शाई खर्च होते. आपला सिग्नल म्हणजे नुसता गोंगाट. गोंगाट मोजायला फार बिट लागत नाहीत. अगदी १ बिटच्या नमुन्यांवरही संवेदनक्षमता सुमारे ६४ टक्के टिकते, २ बिटला ८८ टक्क्यांपर्यंत जाते, आणि ८ बिटला तोटा नावापुरता उरतो. १२ बिटचा खरा उपयोग शेजारी मोबाइल टॉवर किंवा रडार असेल तेव्हा. तिथेही एलएनएच्या आतला सॉ फिल्टर (नको त्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) बरंच काम आधीच करून ठेवतो. भर वस्तीत, गच्चीसमोरच टॉवर असेल तर मात्र एअरस्पायच्या पारड्यात थोडं वजन टाका.

ट्यूनरचंही, म्हणजे हवी ती फ्रिक्वेन्सी निवडणाऱ्या चिपचंही, तसंच. व्ही ३ आणि मिनी या दोन्हींत आर८२०टी२ घराण्यातलीच चिप आहे. व्ही ४ मध्ये तिची भावंड आर८२८डी. म्हणजे पुढचं दार जवळपास एकच, फरक पडतो तो आतल्या खोल्यांत. क्रिस्टलबद्दलही (रिसीव्हरच्या घड्याळाबद्दल) डोकं शिणवू नये: १ पीपीएमची (दहा लाखांत एक) चूक १४२० मेगाहर्ट्‌झवर १.४ किलोहर्ट्‌झ, म्हणजे (ढगाच्या वेगाने रेषेची फ्रिक्वेन्सी सरकते, त्या हिशेबाने) वेगात ०.३ किमी/से. मिनीचा ०.५ पीपीएम कागदावर सरस आहे, पण मीटरभर डिशचा झोत पंधरा अंशांच्या आसपास असतो. त्यात हायड्रोजनचे इतके वेगवेगळे ढग एकदम येतात की हा फरक कुठल्या कुठे विरून जातो.

मग माझा कल कुठे झुकला? संदर्भापाशी, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या वर्णपटापाशी. एका कटकटीपाशी, खरं तर.

आरटीएल २.४ एमएस/सेवर (सेकंदाला २४ लाख नमुने) विनातक्रार चालतो. ३.२ वर नेला तर नमुने गळतात. २.४ पैकी दोन्ही कडांचा उतार सोडला की वापरण्याजोगा पट्टा साधारण २ मेगाहर्ट्‌झ उरतो. १ किमी/से म्हणजे ४.७४ किलोहर्ट्‌झ, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे जेमतेम २१० किमी/से. आकाशगंगेच्या पट्ट्यात, पर्सियस भुजेच्या दिशेला, रेषा +१० किमी/सेपासून −१०० च्या पलीकडेपर्यंत पसरते. त्यात पृथ्वीची प्रदक्षिणा. तिच्यामुळे क्रांतिवृत्ताजवळच्या दिशेला वर्षभरात रेषा ६० किमी/सेपर्यंत, म्हणजे सुमारे २८५ किलोहर्ट्‌झ, मागेपुढे सरकते. खिडकी पुरते, नाही असं नाही. पण रेषेच्या एका बाजूला मोकळी, सपाट जागा फार थोडी उरते, आणि तीही नेमकी कडेच्या उताराजवळ.

आता बँडपासचा, म्हणजे रिसीव्हरच्या स्वतःच्या प्रतिसादाचा, आकार काढून टाकायचा. प्रचलित पद्धत अशी: आकाशगंगेपासून दूर, ‘थंड’ आकाशाकडे डिश वळवायची, तो वर्णपट संदर्भ म्हणून जपायचा आणि पुढच्या प्रत्येक वर्णपटाला त्याने भागायचं. यात दोन खोडी आहेत. एक, आकाशात हायड्रोजन नाही अशी जागाच नाही. गांगेय ध्रुवांकडे तो कमी असतो इतकंच. संदर्भातच शून्य वेगाजवळ एक बुटका उंचवटा असतो आणि भागाकारानंतर तो खरी रेषा तेवढीच खाली खेचतो. दोन, संदर्भ घेतल्यापासून प्रत्यक्ष मोजमापापर्यंत तापमान बदलतं आणि बँडपासचा बाक हलतो.

हा बाक किती महागात पडतो ते आकड्यांत पाहा. सिस्टिम टेम्परेचर (एकूण गोंगाटाचं माप) १५० केल्विन, खाना (वर्णपटाचा एक भाग) ५ किलोहर्ट्‌झचा, १० मिनिटांची सरासरी: गोंगाट उरतो ०.०९ केल्विनच्या आसपास. बँडपास नुसता अर्धा टक्का हलला तर चूक पाऊण केल्विनची. आठपट! तासन्‌तास सरासरी घेऊन जे कमावलं ते बाकाने खाल्लं. मग आपण बहुपदी बसवून तो सरळ करायला जातो. अरुंद खिडकीत तिसऱ्या घाताची बहुपदी मोकळ्या जागेला धरत नाही, रेषेच्या पंखांना धरते, आणि तेच कापून टाकते. अंधूक, वेगवान ढग शोधणाऱ्याचं घबाड नेमकं त्या पंखांत असतं. पन्नास ओहमचा टर्मिनेटर (अँटेनाऐवजी लावायचा रोध) एलएनएला लावून संदर्भ घ्यावा तर फीडचा आणि टर्मिनेटरचा इम्पिडन्स तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे बाक वेगळाच येतो.

यावरचा जुना आणि खात्रीचा उतारा म्हणजे फ्रिक्वेन्सी स्विचिंग. १९५१ साली हार्वर्डला इवेन आणि पर्सेल यांनी ही रेषा पहिल्यांदा पकडली ती अशाच रिसीव्हरने. डिश जागची हलवायची नाही, ट्यूनिंग हलवायचं. मिनीची ६ एमएस/सेची खिडकी सुमारे ५ मेगाहर्ट्‌झ कामाची असते, म्हणून हे तिच्या आतल्या आत जमतं. केंद्र एकदा १४१९.१५ वर ठेवा, एकदा १४२१.६५ वर. प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा सेकंद, मग पुन्हा पहिलं. पहिल्या वर्णपटात रेषा मध्यापासून +१.२५ मेगाहर्ट्‌झवर येते, दुसऱ्यात −१.२५ वर, आणि दोन्ही वेळा कडेपासून सुरक्षित अंतरावर. पहिल्यातून दुसरा वजा करून दुसऱ्याने भागा. एका जागी रेषा सुलटी, २.५ मेगाहर्ट्‌झ अलीकडे उलटी दिसेल. उलटी पलटवून सुलटीवर ठेवा आणि सरासरी घ्या. एक सेकंदही वाया जात नाही, थंड आकाश शोधावं लागत नाही, आणि उरलेल्या बेसलाइनला (रेषेखालच्या पातळीला) बहुतेक वेळा सरळ रेषा पुरते. आरटीएलवर हेच करायचं तर रेषा खिडकीबाहेर ढकलावी लागते, म्हणजे निम्मा वेळ फक्त संदर्भात जातो. चालतं, पण रात्र तेवढीच असते.

या पद्धतीत फसगत होते ती केबलमुळे. ट्यूनरच्या आधी जे काही बसलंय त्याचा बाक ट्यूनिंगबरोबर हलत नाही, त्यामुळे वजाबाकीत तो जातही नाही. एलएनए आणि रिसीव्हर यांच्यामध्ये १० मीटर साधी कोअ‍ॅक्स असेल तर दोन टोकांच्या परावर्तनातून साधारण १० मेगाहर्ट्‌झ आवर्तनाची लाट येते. २० मीटर असेल तर ५ मेगाहर्ट्‌झची, आणि ती रुंद खिडकीत स्पष्ट दिसते. उपाय सोपा आहे: रिसीव्हरच्या तोंडाशी ३ डीबीचा अ‍ॅटेन्युएटर. परावर्तन त्यातून दोनदा जातं म्हणून ६ डीबीने दबतं, आणि आधी ४० डीबी गेन असल्यामुळे संवेदनक्षमतेला धक्का लागत नाही. बायस-टीचा (केबलमधूनच एलएनएला वीज देण्याच्या सोयीचा) प्रवाह मात्र बहुतेक अ‍ॅटेन्युएटर अडवतात. तो जाऊ देणारा घ्या किंवा एलएनएला वीज वेगळी द्या.

वीज वेगळी द्यावीच लागेल असं मिनीबाबत धरून चाला. तिची बायस-टी तुलनेने दुबळी आहे, आणि सॉ फिल्टरसकट दोन टप्प्यांचा एलएनए बराच प्रवाह ओढतो. आरटीएलची ४.५ व्होल्टची बायस-टी १८० मिलिअँपिअरपर्यंत देते. इथे स्वस्त डोंगल सरळ बाजी मारतो: एक केबल, एक कळ, काम फत्ते. एलएनए मात्र दोन्ही बाबतींत फीडला चिकटूनच हवा. त्याच्या आधी १ डीबी केबल गेली की सिस्टिम टेम्परेचरमध्ये ७५ केल्विनची भर पडते, आणि मग रिसीव्हर कुठलाही घ्या.

संगणकाच्या बाबतीतही आरटीएल गरीब गाय आहे. सेकंदाला ४.८ मेगाबाइट, कुठल्याही जुन्या रास्पबेरी पायला झेपतात. मिनी ६ एमएस/सेवर, नमुने पॅक करूनही, १८ मेगाबाइट ओतते. जुन्या पायवर यूएसबी आणि नेटवर्क एकाच वाटेने जातात, तिथे नमुने गळतात. वर्णपटाला याने फारसं बिघडत नाही, फक्त सरासरी घड्याळाच्या सेकंदांनी न भागता प्रत्यक्ष झालेल्या एफएफटींच्या (वर्णपट काढण्याच्या गणितांच्या) संख्येने भागा. नाहीतर पातळी उगीच खालीवर होत राहते आणि दोष गेनला जातो. जड वाटतं म्हणून मिनी ३ एमएस/सेवर चालवणं मात्र व्यर्थ. रुंद खिडकीसाठी पैसे मोजले आणि तीच बंद केली, असं होतं.

सेटिंगबद्दल दोन शब्द. दोन्हींवर सगळे एजीसी (आपोआप गेन बदलणारी सोय) बंद, गेन हाताने पक्का. आरटीएलवर नमुन्यांचं प्रमाण विचलन २० ते ३० पायऱ्यांदरम्यान असू द्या. त्याखाली फार गेलं तर पायऱ्यांचा खडबडीतपणा दिसतो, वर गेलं तर टोकं छाटली जातात. मिनीवर एसडीआर शार्प या सॉफ्टवेअरमधला लिनिअरिटीचा पर्याय निवडा, कारण पुढे एलएनए असताना सेन्सिटिव्हिटीच्या पर्यायाने ट्यूनर विनाकारण तुंबतो. मग एलएनएची वीज बंद-चालू करून पाहा. गोंगाटाची पातळी निदान १० डीबीने उडी मारायला हवी. तेवढी मारत नसेल तर गेन कमी आहे किंवा एलएनएला वीज पोचत नाहीये. आरटीएलवर ५१२ खान्यांची एफएफटी घेतली की एक खाना जवळपास बरोबर १ किमी/सेचा होतो, ही एक छान सोय. मिनीवर २०४८ घ्या, खाना ०.६ किमी/सेचा येतो.

आरटीएलच्या मध्यावर एक बारीक काटा येतो. कच्च्या नमुन्यांतून सरासरी वजा केली की बराचसा जातो. उरला तर केंद्र १०० किलोहर्ट्‌झ बाजूला सरकवा. मिनीला हा उपद्रव नाही. लिनक्सवर टीव्हीचा ड्रायव्हर डोंगलचा आधीच ताबा घेतो, त्याला ब्लॅकलिस्ट करावं लागतं. व्ही ४ ला निर्मात्याचा नवा ड्रायव्हर लागतो. जुन्यावर तो ओळखला जातो पण धड ट्यून होत नाही, आणि माणूस फीडमध्ये दोष शोधत बसतो.

हायड्रोजनपलीकडे जायचं असेल तर हिशेब बदलतो. गुरूचे २० मेगाहर्ट्‌झजवळचे स्फोट ऐकायचे असतील तर मिनी २४ मेगाहर्ट्‌झच्या खाली उतरतच नाही. आरटीएलवर व्ही ३ मध्ये थेट सॅम्पलिंग आहे, व्ही ४ मध्ये अपकन्व्हर्टर. दोन अँटेनांचा इंटरफेरोमीटर करायचा असेल तरी आरटीएलच बरे वाटतात: २८.८ मेगाहर्ट्‌झचं एकच घड्याळ दोन डोंगलना देता येतं. प्रत्येक वेळी ट्यून केल्यावर कला (फेज) वेगळी पडते, म्हणून दोन्हींना एकाच नॉइज सोर्सचा सिग्नल देऊन ती जुळवावी लागते, हे लक्षात असू द्या.

तेव्हा, पहिल्यांदाच रेषा पाहायची आहे, सर्पिल भुजांचे दोन-तीन उंचवटे ओळखले की समाधान आहे, तर व्ही ३ घ्या आणि वाचलेले पैसे मोठ्या डिशमध्ये घाला. व्यासाइतकं मोल रिसीव्हरला कधीच येत नाही. नकाशा करायचा आहे, रात्रीमागून रात्री तुलना करायच्या आहेत, तर मला वाटतं मिनीच घ्यावी, आणि फक्त त्या खिडकीसाठी घ्यावी.

डोंगल आधीच हाताशी असेल तर तो फेकू नका. संदर्भ म्हणून थंड आकाशाऐवजी केंद्र ३ मेगाहर्ट्‌झ बाजूला नेऊन वर्णपट घ्या, दर मिनिटाला आलटून पालटून. डोंगल फॅनच्या वाऱ्यात ठेवू नका, उलट धातूच्या डबीत, सावलीत, जाड भिंतीला टेकवून ठेवा आणि पहिल्या अर्ध्या तासाचे नमुने सरळ टाकून द्या. बेसलाइनला पहिल्या घाताच्या पुढे जायची गरज पडत असेल तर आधी केबलचे कनेक्टर तपासा, बहुपदीचा घात नंतर वाढवा.