सिग्नलची साखळी: घड्याळावर चालवायची, की गर्दी बघून?

एकाच रस्त्यावर सहा-सात सिग्नल जुळवायचे असतील, तर यंत्रणेचं दरपत्रक मागवण्याआधी चौकांमधली अंतरं मोजा.

घड्याळावर चालणाऱ्या पद्धतीत सगळ्या चौकांची सायकल, म्हणजे लाल-हिरव्याचा पूर्ण फेरा, सारखी ठेवतात. वेग ताशी ३६ किमी, म्हणजे सेकंदाला १० मीटर. पुढचा चौक ४०० मीटरवर असेल तर तिथला हिरवा आधीच्या चौकाच्या हिरव्यानंतर ४० सेकंदांनी, म्हणजे गाड्या पोचताच. पण त्या चौकात बाजूच्या रस्त्यावरून वळून आलेल्या गाड्यांच्या सहा ओळी आधीच उभ्या असतात. ओळीला साधारण २ सेकंद धरले, तर हिरवा २८व्या सेकंदालाच लागला पाहिजे. ही वजाबाकी करायची राहून जाते आणि खापर यंत्रणेवर फुटतं. दुसरं दुखणं घड्याळाचं: जीपीएसवरून वेळ जुळवली नाही, तर कंट्रोलर, म्हणजे चौकातला सिग्नल चालवणारे डबे, काही दिवसांत पुढेमागे सरकतात.

एका दिशेला हे सहज जमतं. दोन्ही दिशांना नीट जमायला दोन चौकांमधला प्रवास सायकलच्या निम्म्या वेळात व्हावा लागतो: १०० सेकंदांच्या सायकलला ५०० मीटर. आपले चौक असे मापून बसलेले नाहीत, म्हणून ज्या वेळी जी दिशा जड तिला धरून सकाळ-संध्याकाळचे प्लॅन, म्हणजे वेळांचे तक्ते, वेगळे.

गर्दी बघून वेळ बदलणाऱ्यांत सिडनीची स्कॅट्स आणि ब्रिटनची स्कूट या जुन्याजाणत्या. स्कॅट्सचे सेन्सर थांबरेषेपाशी. हिरवा किती वापरला गेला ते पाहून पुढच्या फेऱ्याची वाटणी ठरते. स्कूटचे बरेच मागे. येणाऱ्या गाड्या मोजून रांगेचा अंदाज बांधते आणि वेळ थोड्या-थोड्या सेकंदांनी हलवते. आपल्याकडे फरक इथेच पडतो. मागच्या सेन्सरवर टेम्पो उभा राहिला की स्कूटला तिथे कोंडी दिसते. थांबरेषा ओलांडून उभ्या राहिलेल्या दुचाकी स्कॅट्सच्या हिशेबातून सुटू शकतात. सेन्सर म्हणून रस्त्यात पुरलेली वायर खोदकामात तुटते; सेन्सर कॅमेरा असेल तर त्याची काच पावसात, धुळीत आंधळी होते. सेन्सर गेला की यंत्रणा ठरीव प्लॅनवर परतते, आणि तो प्लॅन जुनाट असेल तर खर्च पाण्यात.

रोजची गर्दी ठरलेल्या वेळी येत असेल, तर घड्याळ पुरेसं. दर दोन-तीन वर्षांनी मोजणी मात्र करा. बाजार, स्टेडियम, अवेळी लोंढे असतील तर सेन्सरवाली घ्या, पण दुरुस्तीचा करार त्याच निविदेत हवा.

रांग मागच्या चौकात शिरत असेल, तर दोन्ही पद्धती नुसत्या हिरवा वाढवून काही करू शकत नाहीत. तिथे मागचा हिरवा आखडून गाड्या मोकळ्या लांबीच्या रस्त्यावर थोपवाव्या लागतात.