'पैकी' या एका शब्दाचे एकतीस लाख

माझं भोसरीत भाड्याच्या शेडमध्ये पत्राकामाचं छोटं वर्कशॉप आहे. दोन पॉवर प्रेस, एक शिअरिंग, एक बेंडिंग मशीन, तीन वेल्डिंग सेट आणि सात पोरं. मोठ्या कंपनीच्या वेंडरच्या वेंडरला ब्रॅकेट पुरवतो, म्हणजे साखळीत शेवटचा. भाडं दर अकरा महिन्यांनी वाढायचं आणि मालक दरवेळी म्हणायचा, "परवडत नसेल तर बघा दुसरीकडे." 2022 च्या सुरुवातीला मी खरंच दुसरीकडे बघायला लागलो.

एमआयडीसीत प्लॉट घ्यायची ऐपत नव्हती. तिथे जमीन 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते, हस्तांतर करायचं तर महामंडळाची परवानगी आणि वर हस्तांतराची रक्कम. बाहेर, चाकणच्या पलीकडे, मेहुण्यांच्या ओळखीतून एक एजंट भेटला. पांढरा शर्ट, बोलण्यात साखर, आणि पहिल्या भेटीपासून मला "शेठ". आयुष्यात मला शेठ म्हणणारा तो पहिलाच, हेही खरं सांगून टाकतो.

पाच गुंठे, गुंठ्याला 5 लाख. "औद्योगिक झोन आहे शेठ, उद्या शेड ठोका." मी विचारलं, "एनए?", म्हणजे शेतीची जमीन बिगरशेतीला वापरायची परवानगी. त्यावर तो हसला आणि म्हणाला, औद्योगिक झोनमध्ये एनए लागतच नाही, महसूल संहितेचं कलम 44-अ वाचा.

मी घरी येऊन वाचलं. अगदी खरं निघालं. मंजूर आराखड्यात जमीन औद्योगिक विभागात असेल आणि वापर खराखुरा उद्योगासाठी असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची अकृषिक परवानगी लागत नव्हती. वापर सुरू केल्यापासून 30 दिवसांत तहसीलदारांना कळवायचं, बस. माणूस कायदा सांगतो आणि तो कायद्यात सापडतो, म्हटल्यावर माझा निम्मा संशय तिथेच गेला. आता वाटतं, त्याची सगळी कला याच्यातच होती. तो दहा गोष्टी सांगायचा, त्यातल्या नऊ तपासून बघाव्यात आणि खऱ्या निघाव्यात अशाच असायच्या.

दहावी गोष्ट होती झोन दाखला, म्हणजे जमीन आराखड्याच्या कुठल्या विभागात येते याचा सरकारी कागद.

त्याने झेरॉक्स दिली. नगर रचना कार्यालयाचा शिक्का, जावक क्रमांक, तारीख, सगळं होतं. मजकूर पानाच्या अगदी तळाशी येऊन थांबत होता: "गट क्रमांक अमुक पैकी क्षेत्र मंजूर प्रादेशिक योजनेनुसार औद्योगिक विभागात". खाली पान संपलं. 'समाविष्ट आहे' वगैरे मागच्या बाजूला असेल असं मी धरून चाललो. 'पैकी' हा शब्दही खटकला नाही. जमिनीच्या कागदात 'पैकी' नाही असं एक पान दाखवा. 45 गुंठे पैकी 5 गुंठे, अमुक हिस्सा पैकी तमुक, आपण तो शब्द वाचतच नाही.

सोबत मोबाईलवर एक रंगीत नकाशाही दाखवला. आराखड्यात निवासी पिवळं, औद्योगिक जांभळं, शेती हिरवी. आमचा तुकडा जांभळ्यात. तो नकाशा पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) 2021 च्या प्रारूप विकास आराखड्यातला होता, हे मला फार उशिरा कळलं. प्रारूप म्हणजे हरकती-सूचनांसाठी मांडलेला मसुदा, मंजुरी अजून लांब. पुढे 2025 मध्ये शासनाने तो आराखडा रद्दच करायचं ठरवलं. पण त्या दिवशी मला जांभळा रंग दिसला आणि मी त्यात माझ्या प्रेस मशीन उभ्या केल्या.

चुकलेल्या खुणा दोन, आणि दोन्ही माझ्या नाकासमोर होत्या.

पहिली. व्यवहार ठरताना त्याने विचारलं, "शेठ, तुमच्या नावावर शेती आहे ना? शेतकरी असल्याचा दाखला लागेल." माझी बार्शीकडे वडिलोपार्जित अडीच एकर आहे. मी गावी जाऊन तलाठ्याकडून सातबारा आणि 8-अ घेऊन आलो, येताना आईने बांधून दिलेली शेंगाची चटणीही आणली. त्या सबंध एसटीच्या प्रवासात एकदाही डोक्यात आलं नाही, की जमीन उद्योगाची आहे तर मी शेतकरी असल्याशी यांना काय करायचंय? औद्योगिक विभागातली जमीन उद्योगासाठी बिगरशेतकऱ्यालाही घेता येते, कूळकायद्यात 63-एक-अ हे कलम त्यासाठीच आहे. माझ्याकडे शेतकरी दाखला मागितला, कारण त्यांना मला शेतजमीनच विकायची होती. फसवणुकीचा पुरावा मीच तीनशे रुपयांचं तिकीट काढून आणून दिला.

दुसरी. खरेदीखत माझ्या एकट्याच्या नावाचं नव्हतं. आम्ही नऊ जण, प्रत्येकी पाच गुंठे, मिळून 45 गुंठ्यांचं एकच सामाईक खत. "तुकडेबंदीमुळे असं करावं लागतं, सगळीकडे असंच चालतं." हेही खरं. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा, लहान तुकडा विकता येत नाही, म्हणून नऊ जणांची मोट बांधायची आणि पाठीमागे चुन्याने रेषा मारून द्यायची. पण मंजूर औद्योगिक लेआउटमधला प्लॉट असता तर या मोटेची गरजच नव्हती. सातबाऱ्यावर आज आम्ही नऊ जण शेजारी नाही, भागीदार आहोत. कोणाचे पाच गुंठे कुठले, हे फक्त त्या चुन्याला माहीत होतं आणि तो पहिल्या पावसात गेला.

दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो झाला, अंगठा झाला. तिथे झोन कोणी विचारत नाही. ते त्यांचं कामही नाही. दस्त नोंदवला म्हणजे सरकारने जमीन तपासून दिली, असा आपल्याकडे एक गोड समज आहे. मीही त्या दिवशी पेढे वाटले. मुद्रांक, नोंदणी, दलाली धरून आणखी 2 लाख गेले.

मग मुरूम भराव, जोतं, लोखंडी कॉलमचे बोल्ट, पुढच्या बाजूला तारेचं कंपाउंड, असे 4 लाख. ग्रामपंचायतीची एनओसी एजंटने दोन दिवसांत आणून दिली. त्या भागात बांधकामाचा नकाशा पीएमआरडीए मंजूर करतं, ग्रामपंचायतीच्या कागदाला त्या बाबतीत काही किंमत नाही. आणि 44-अ ने फक्त एनए माफ होत होतं, बांधकाम परवानगी माफ होत नव्हती. हे वाक्य एजंटने मला सांगितलं नव्हतं आणि मी कलम वाचताना स्वतःला विचारलं नव्हतं.

शेडसाठी बँकेत गेलो तिथे गाडी अडली. पॅनेलवरच्या वकीलबाईंनी फाईल चाळली, ती झेरॉक्स उजेडात धरली आणि विचारलं, "याचं दुसरं पान कुठंय?"

एजंट म्हणाला, "पाठवतो." आठवडाभर पाठवतच होता. शेवटी मी स्वतः नगर रचना कार्यालयात गेलो, गट क्रमांक, सातबारा आणि मोजणीचा नकाशा जोडून भाग नकाशा (आराखड्याचा आपल्या गटापुरता तुकडा) व झोन दाखल्यासाठी अर्ज केला. फी जमिनीच्या किमतीपुढे सांगायलाही लाज वाटावी इतकी. दाखला घ्यायला गेलो तेव्हा तिथल्या एका वयस्कर कर्मचाऱ्याने नकाशा टेबलावर पसरला आणि पेन्सिलीचं टोक टेकवलं. "हा तुमचा गट. तीन एकर. जांभळा पट्टा रस्त्याकडून आत येतो तो इथवर, साधारण तीस गुंठे. तुम्ही कुठे आहात?"

मी मागच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"मग तुम्ही हिरव्यात, दादा."

दाखल्यात पूर्ण वाक्य होतं. "...पैकी क्षेत्र औद्योगिक विभागात व उर्वरित क्षेत्र शेती विभागात, सोबतच्या भाग नकाशात दर्शविल्याप्रमाणे, समाविष्ट आहे." म्हणजे एजंटची झेरॉक्स खोटी नव्हती. शिक्का खरा, सही खरी. फक्त वाक्याचा अर्धा भाग दुसऱ्या पानावर होता आणि ते पान आणि नकाशा त्याने दिला नव्हता. रस्त्यालगतचे जांभळे तीस गुंठे आमच्याआधीच एका गोदामवाल्याने घेतले होते.

मी विचारलं, काहीच करता येणार नाही का? ते म्हणाले, शेती विभागात शेतघर, रोपवाटिका, दुग्धव्यवसाय, शेतमालावरची प्रक्रिया असल्या गोष्टी नियमात बसवून करता येतात. पत्र्याच्या प्रेस नाही. "कोणी तक्रार केली तर एमआरटीपीच्या, म्हणजे नगर रचना कायद्याच्या, कलम 53 ची बेकायदा बांधकामाची नोटीस येईल. आणि तक्रार कोणीतरी करतंच."

इथे थांबलो असतो तर बरं. एजंट दोन दिवसांनी स्वतःहून घरी आला, फळं घेऊन. "शेठ, मलाही जमीनमालकाने फसवलं. पण झोन बदल करून घेऊ. मंत्रालयात आपला माणूस आहे. नऊ जणांत वाटून घ्या, तुमच्या वाट्याला साठ हजार." मी दिले. रोख. बायको आतून बघत होती, पाहुणा गेल्यावर एवढंच म्हणाली, "ह्याला चहा पाजलात हेच जास्त झालं."

प्रादेशिक योजनेत झोन बदलायचा तर तो एमआरटीपी कायद्याच्या कलम 20 खालचा फेरबदल असतो. प्रस्ताव, जाहीर सूचना, हरकती, सुनावणी आणि शेवटचा निर्णय राज्य शासनाचा, तोही झाला तर अधिमूल्य (प्रीमियम) भरून. पाच गुंठेवाल्या नऊ जणांसाठी हे चक्र फिरवणारा 'आपला माणूस' कोणाकडेच नसतो. आमची फाईल कुठे दाखलच झाली नव्हती, हे आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी माहितीचा अधिकार वापरून शोधून काढलं.

पोलिसांनी अर्ज घेतला, कागद वाचले आणि प्रकरण दिवाणी स्वरूपाचं आहे म्हणाले. वकिलाने खरेदीखताचं सातवं पान उघडून दाखवलं: "सदर मिळकतीचा विभाग व अनुज्ञेय वापर याबाबत खरेदी घेणार यांनी स्वतः खात्री करून घेतलेली आहे." खाली माझी सही. मिळकतीचं वर्णन पहिल्याच पानावर 'शेतजमीन' असं स्वच्छ लिहिलेलं. औद्योगिक हा शब्द सबंध दस्तात एकदाही नव्हता. एजंट तो फक्त तोंडाने बोलला होता. दावा लावलाय, तारखा पडतात.

नऊपैकी दोघांनी तरीही पत्रे ठोकून शेड उभे केलेत. मलाही मोह झाला होता, "सगळ्यांचंच असं आहे" म्हणून. फेब्रुवारी 2025 मध्ये चिखलीच्या कुदळवाडीत महापालिकेने हजारो बांधकामं पाडली, भंगाराची गोदामं, पत्र्याचे शेड, छोटी वर्कशॉप. माझ्या एका मित्राचं लेथचं दुकान त्यात होतं. मशीन हलवायला हायड्रा क्रेन मिळेना, भाडं दुपटीने मागत होते. मी दिवसभर त्याच्याबरोबर चक आणि टूल गोणीत भरत होतो. संध्याकाळी घरी आलो आणि कॉलमचे बोल्ट भंगारात विकून टाकले.

कोणी तुम्हाला 'औद्योगिक झोन' म्हणत जमीन दाखवत असेल तर त्याच्याकडून दाखला घेऊच नका, स्वतःच्या नावाने अर्ज करा. दाखला किती पानांचा आहे ते मोजा. भाग नकाशा मोजणीच्या नकाशावर ठेवून आपला कोपरा शोधा. अख्खं गाव औद्योगिक झोनमध्ये नसतं, गटही पूर्ण असेलच असं नाही. नकाशा प्रारूप आहे की मंजूर, ते वर लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात. आणि शेतकरी दाखला मागितला की उठून या.

मी अजून भोसरीतच आहे, त्याच शेडमध्ये. मालकाने जूनमध्ये भाडं वाढवलं. चाकणच्या जमिनीवर ई-पीक पाहणीत यंदा मी 'पड' अशी नोंद केली. जोत्याचा फोटो काढताना मोबाईलच्या चौकटीत रस्त्यालगतचं ते गोदाम येत होतं, दारात चारचाकी लावून तोच एजंट दोन माणसांना हातवारे करत काहीतरी दाखवत होता. बोट आमच्या बाजूला होतं.