थिन पूलवर दहा महिने: आडतीच्या दुकानातला अनुभव

लातूरच्या मार्केट यार्डात आमची आडत आहे. फेब्रुवारीत जुना सर्व्हर घेतला, 1 टीबीची एसएसडी टाकली आणि लिनक्सच्या एलव्हीएम (डिस्कची जागा वाटणारी व्यवस्था) थिन पूलवर, म्हणजे जागेच्या सामाईक साठ्यावर, तीन व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक) बसवल्या. हिशेबाला 200 जीबी, कॅमेऱ्यांना 1 टीबी, बाकी फायलींना 400. बेरीज 1.6 टीबी आणि पूल जेमतेम 850 जीबीचा. हा घोटाळा नाही, थिन प्रोव्हिजनिंग म्हणजे हेच. कबूल सगळ्यांना करायचं, द्यायचं लागेल तसं. लातूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. गच्च्यांवरच्या टाक्यांची बेरीज नळाला येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्तच असते. पण टाकी वाजवली की रिकामी आहे ते कळतं तरी.

पावसाळ्यापर्यंत काही तक्रार नव्हती. वेग चांगला, स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) क्षणात.

ऑक्टोबरात सोयाबीनची आवक जोरात असताना, सौद्यानंतर शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) काढायच्या वेळी स्क्रीन थिजली. काका ओरडले, "अरे, पट्टी निघंना की! माणसं उभी हायेत." हिशेबाच्या मशीनवर बघितलं तर 140 जीबी मोकळे. कॅमेऱ्यांच्या मशीनवर मोकळी जागा दाखवणारी 'डीएफ' कमांड चालवली, तिथं वापर 40 टक्क्यांच्या आत. शेवटी सर्व्हरवर 'एलव्हीएस' टाकलं, ते पूल किती भरला ते दाखवतं. डेटा: 100.00.

पूल भरला की लिनक्स लिहिणं अडवून धरतं, जागा वाढेल या आशेवर. मूळ मुदत 60 सेकंदांची, त्यानंतर थेट एरर. 60 सेकंदांत मी कुठून डिस्क आणणार होतो?

दोषी निघाले कॅमेरे. रेकॉर्डिंग पंधरा दिवसांनी पुसलं जायचं, पण फाइल पुसली म्हणजे फाइल सिस्टीमच्या वहीतली नोंद खोडली, एवढंच. खालच्या पूलला तो ब्लॉक (जागेचा तुकडा) सुटल्याचं ट्रिम, म्हणजे 'ही जागा आता नको' हा निरोप, पोहोचलं तरच कळतं, आणि तो निरोप खाली जाऊ देणारं व्हर्च्युअल डिस्कचं 'डिस्कार्ड' मी कधी चालूच केलं नव्हतं. नवं रेकॉर्डिंग नव्या ब्लॉकवर जात राहिलं, जुने ब्लॉक पूलमध्ये तसेच अडकले. डिस्कार्ड चालू करून मशीन बंद-चालू केली, साचलेले निरोप एकदम पाठवणारं 'एफएसट्रिम' चालवलं. पूल 58 टक्क्यांवर आला. तोवर पट्ट्या हातानं लिहिल्या.

नंतर लॉग (सर्व्हरची नोंदवही) चाळला तर 80 टक्क्यांपासूनचे इशारे ओळीनं पडलेले, सर्व्हरच्या लॉगमध्ये, जिथं आमच्या दुकानातलं कुणी जन्मात जात नाही. राग आला तो याचा. वरच्या सिस्टीमला हे सांगायची सोयच नाही असंही नाही. स्कझीच्या (डिस्कशी बोलायच्या पद्धतीच्या) मानकात 'सॉफ्ट थ्रेशोल्ड'चा, म्हणजे जागा संपत आल्याचा, इशारा आहे, लिनक्सला तो समजतो, विंडोज सर्व्हरला 2012 पासून समजतो. माझ्या व्हर्च्युअल डिस्कनं तो कधी वर पाठवला नाही. माझ्या मते मोकळी जागा दाखवताना ऑपरेटिंग सिस्टीमनं दोन आकडे दाखवावेत: कबूल केलेली आणि खरोखर शिल्लक. आणि डिस्कार्ड मुळातच चालू असावं.

आता 500 जीबीची आणखी एक एसएसडी त्याच व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (पूलला जागा पुरवणाऱ्या डिस्कच्या गटात) घातली आहे. किती भरल्यावर पूल आपोआप वाढावा ती मर्यादा मुळात 100 टक्के असते, म्हणजे बंदच. ती 80 केली. मेटाडेटाची (कुठला ब्लॉक कुणाचा या नोंदींची) टक्केवारीही बघतो, कारण ती वेगळी भरते आणि भरली तर दुरुस्ती जास्त किचकट. इशारा काकांच्या नाही, माझ्या मोबाइलवर येतो.

एक दुखणं मात्र राहिलंच. एक्स्ट-4 या लिनक्सच्या फाइल सिस्टीमवर 'फॅलोकेट' कमांडनं फाइलसाठी आधी जागा राखली, तर ती फाइल सिस्टीमच्या हिशेबात राखली जाते, पूलमध्ये एक ब्लॉकही नाही. म्हणून हिशेबाच्या मशीनची डिस्क मी थिनवरून काढून पूर्ण 200 जीबीची साधी केली. कॅमेरे राहू देत थिनवर.