माउंटन व्ह्यूचं कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम: विनाचालक गाडीचा माग काढत पाहा

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात मुलांकडे आलेल्या आई-बाबांना कुठे कुठे न्यायचं, या यादीत गोल्डन गेट आणि स्टॅनफर्ड वरती असतात आणि हे संग्रहालय तळाशी. ते बरंच वर यायला हवं. १०१ हायवेवरून शोरलाइन बुलेव्हार्डला उतरलं की लगेच इमारत लागते. पूर्वी ती सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीची होती. पार्किंगला पैसे पडत नाहीत. उघडं असण्याचे वार मात्र बदलत असतात, तेव्हा वेबसाइट पाहूनच निघा.

मुख्य प्रदर्शन 'रेव्होल्यूशन'. मणी-चौकटीपासून (ॲबॅकस) वेबपर्यंत १९ विभाग, हजाराहून जास्त वस्तू. पहिल्या विभागापासून प्रत्येक पाटी वाचत गेलात तर दहाव्याला पाय बोलू लागतात आणि पुढचं सगळं धावत उरकलं जातं. त्यापेक्षा एक धागा धरा. यंत्राला रस्ता दिसायला कसा लागला, हा धागा इथे सगळ्यांत छान सापडतो, आणि म्युझियमच्या दाराशी तो संपतही नाही.

सुरुवात सेजपासून करा. १९५० च्या दशकातली ही अमेरिकेची हवाई संरक्षण यंत्रणा. तिच्या कन्सोलमध्ये चक्क सिगारेट पेटवायची सोय आणि राखदाणी बसवलेली आहे, कारण माणसं रडारच्या पडद्यासमोर तासन्‌तास बसायची. पगारपत्रक करणाऱ्या यंत्राला रात्रभर वेळ असतो. उडत्या विमानाची माहिती त्याच क्षणी हवी. गाडीच्या कॉम्प्युटरवरही हीच सक्ती आहे: बरोबर उत्तर उशिरा आलं तर ते चुकीचंच.

मग मधले विभाग सोडून थेट १३ व्या, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि रोबोट्सच्या विभागात जा. काचेमागे शेकी हा रोबोट आहे. मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटने तो १९६६ ते १९७२ या काळात घडवला. वर कॅमेरा, शेजारी अंतर मोजायचं उपकरण, खाली धक्का कळावा म्हणून मांजराच्या मिशांसारख्या तारा. मेंदू अंगात नव्हताच. तो दुसरीकडच्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये, रेडिओने जोडलेला. याच प्रकल्पातून १९६८ साली ए-स्टार ही वाट शोधायची पद्धत आली, आणि ती आजही वापरात आहे.

खरा मुक्काम मात्र स्टॅनफर्ड कार्टपाशी करा. दिसायला ती अगदी साधी: सायकलसारखी चार छोटी चाकं, मोटारीची बॅटरी, टेबलासारखी फळी आणि तिच्यावर टीव्ही कॅमेरा. चंद्रावरची गाडी पृथ्वीवरून हाकता येईल का, हे तपासायला १९६० च्या सुमारास ती बांधली. संदेश चंद्रावर जाऊन परत यायला अडीच सेकंदांहून जास्त लागतात. हाकणारा शिळं चित्र बघून वळण घेणार आणि गाडी तोवर पुढे गेलेली असणार. पुढे संशोधक हान्स मोराव्हेक यांनी तिला स्वतः पाहायला शिकवलं. कॅमेरा आडव्या पट्टीवर सरकत नऊ जागांवरून नऊ चित्रं घ्यायचा. जवळची वस्तू चित्रागणिक जास्त सरकते, लांबची कमी. त्या फरकावरून अंतर काढायचं. मुलं बरोबर असतील तर त्यांना इथे एक डोळा मिटून मान डावी-उजवीकडे हलवायला सांगा. दोन मिनिटांत समजतं, पाटी वाचायला लागत नाही.

हा हिशेब करायला कॉम्प्युटरला दर मीटरमागे दहा ते पंधरा मिनिटं लागत. १९७९ साली खुर्च्या मांडलेली २० मीटरची खोली कार्टने माणसाच्या मदतीशिवाय पार केली, सुमारे ५ तासांत. बाहेर उन्हात मात्र ती गडबडली. सावलीची कड ठळक दिसते, म्हणून कार्ट तिचीच खूण धरायची. आणि हिशेब होईपर्यंत सूर्य सरकून सावली हललेली असायची. यंत्राला दिसतं म्हणजे नेमकं काय दिसतं आणि ते का फसतं, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी दुसरी वस्तू या इमारतीत नाही.

पुढचा टप्पा लायडारचा. चित्रं ताडून अंदाज बांधण्यापेक्षा लेझरचा ठिपका मारायचा आणि परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. २०० नॅनोसेकंदांत परत आला तर वस्तू ३० मीटरवर. अंतराचा मोठा हिशेबच वाचतो. अमेरिकी लष्कराच्या डार्पा या संशोधन संस्थेने मोहावी वाळवंटात २००४ साली विनाचालक गाड्यांची शर्यत ठेवली तेव्हा २२८ किलोमीटरपैकी सर्वांत पुढे गेलेली गाडी जेमतेम १२ किलोमीटरवर अडकली. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी शर्यत पूर्ण केली. विजेती गाडी स्टॅनली इथे शोधू नका, ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे.

इथली गाडी म्हणजे फायरफ्लाय, गूगलची ती गोलमटोल दोन आसनी गाडी. २०१७ मध्ये वेमोने, म्हणजे गूगलच्या याच प्रकल्पातून निघालेल्या कंपनीने, हा ताफा निवृत्त केला. मांडणी बदलते, म्हणून ती सध्या पाहायला ठेवली आहे का हे काउंटरवर आधी विचारा. असेल तर तिचा घुमटासारखा आकार नीट पाहा: छतावरच्या लायडारच्या नजरेआड कोपरे राहू नयेत म्हणून तो तसा आहे. वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत बांधलेला. मूळ आराखड्यात स्टिअरिंगही नव्हतं आणि पेडलही. कॅलिफोर्नियाच्या नियमामुळे रस्त्यावर चाचणी घेताना ते तात्पुरते बसवावे लागले.

धाग्याबाहेरची एकच गोष्ट चुकवू नका: आयबीएम १४०१ चं प्रात्यक्षिक. १९५९ चं हे मशीन स्वयंसेवकांनी पुन्हा चालू केलं आहे. जर्मनीहून आणलेलं मशीन तिकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारं, म्हणून इथल्या विजेवर चालवायला त्याला वेगळा कन्व्हर्टर लागला. माहिती भरायची भोकं पाडलेली कार्डं दमट झाली की फुगून अडकतात, जुने ट्रान्झिस्टर एकेक करून दगा देतात, आणि ही मंडळी ते शोधून बदलत राहतात. कार्डावर स्वतःचं नाव पंच करून घरी नेता येतं. प्रात्यक्षिक रोज नसतं; वार पाहूनच जाण्याचा दिवस ठरवा.

परतताना स्वतःची गाडी नसेल तर वेमोची विनाचालक टॅक्सी ॲपवरून मागवा. माउंटन व्ह्यू तिच्या सेवाक्षेत्रात आहे. पाहुण्यांनी नवं खातं उघडत बसण्यापेक्षा मुलीच्या किंवा मुलाच्या खात्यावरून एकत्र जाणं सोपं. चौघं बसू शकतात, चालकाची जागा मात्र रिकामीच ठेवायची. छतावरच्या घुमटावर तुमची आद्याक्षरं दिसली की ती गाडी तुमची. दार ॲपवरून उघडतं. सगळ्यांनी पट्टे लावले की पडद्यावरचं सुरू करायचं बटण दाबायचं. गाडी नियमात बसेल तिथेच थांबते, दारात नाही. गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर नकाशावर थांबायची जागा आधी पाहून घ्या. लहान मुलाची सीट आपली आपण आणायची. या जॅग्वार आय-पेसवर २९ कॅमेरे, ५ लायडार, ६ रडार आहेत. ताशी ४० च्या वेगाने ती २० मीटर अंतर दोन सेकंदांच्या आत मागे टाकते. कार्टचे पाच तास डोक्यात ताजे असताना हे अनुभवायला मिळतं, म्हणून क्रम हाच ठेवा.

पुढचं चित्र रंगवताना २०१८ चा ॲरिझोनातल्या टेम्पेचा अपघात विसरू नये. दुसऱ्या एका कंपनीच्या स्वयंचलित चाचणी गाडीला सायकल हातात धरून रस्ता ओलांडणारी बाई धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. पण ती कधी वाहन, कधी सायकल, कधी 'इतर' ठरत गेली, आणि दर वेळी तिच्या आधीच्या हालचालींची नोंद बाजूला पडली. झेब्रा नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडेल, हे त्या प्रणालीत गृहीतच नव्हतं. ती बाई त्यात दगावली.

आपल्याकडे नितीन गडकरींनी चालकांच्या रोजगाराचं कारण देत अशा गाड्यांना परवानगी देणार नाही असं जाहीरपणे सांगितलं आहे. रोजगाराची काळजी खरीच, पण तांत्रिक प्रश्नही तितकाच अवघड आहे. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर माणूस तळहात पुढे करतो आणि चालू लागतो. त्या हाताचा अर्थ 'थांब' आहे, 'हळू कर' आहे की नुसताच 'मी निघालो' आहे, हे चालक क्षणात ताडतो. तेव्हा वेमोत बसलात की खिडकीपेक्षा मागच्या पडद्याकडे लक्ष ठेवा: फुटपाथच्या कडेला कोणी घुटमळत असेल, तर गाडी त्याला कधी टिपते आणि वेग कधी कमी करते ते पाहा.