‘सांभाळणाऱ्याचा भत्ता’ मिळवून देतो म्हणत अंगठा मागणाऱ्यांपासून सावध राहा

घरात अंथरुणाला खिळलेली आई असो, सेरेब्रल पाल्सी असलेला मुलगा असो की अर्धांगवायूने एक बाजू गेलेला नवरा, अशा दारात एजंट हमखास येतो. गळ्यात ओळखपत्र, पिशवीत अंगठ्याचं मशीन. “सांभाळणाऱ्याला सरकार वेगळा भत्ता देतं, यादी बंद व्हायच्या आत नाव घाला.” फॉर्मचे पैसे घेतो, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स घेतो, शेवटी रुग्णाचा अंगठा घेतो. फॉर्मचे पैसे बुडाले तर एकदाच बुडतात. अंगठ्यामुळे जे जातं ते कित्येक महिने कळतही नाही.

बोलणं पटतं, कारण त्यात खऱ्याचा अंश आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. केरळात ‘आश्वासकिरणम्’ योजनेत सांभाळणाऱ्यासाठी महिना ६०० रुपये ठरलेले आहेत. महाराष्ट्रात अशा घरांना मुख्य आधार संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा, आणि तो पैसा रुग्णाच्या नावावर येतो. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व, वय ६५ च्या आत, राज्यात १५ वर्षं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत लागतं. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतूत करायचा. रात्री दोनदा उठून कूस बदलून देणाऱ्या सुनेच्या कष्टाचा मोबदला त्यात नाही. हा अन्याय आहे, आणि एजंट नेमकं याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो.

आता अंगठ्याचं. अनुदान डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट, आधारशी जोडलेल्या खात्यात येतं. खाती कितीही असोत, डीबीटीसाठी एका वेळी एकच बँक जोडलेली असते. शेवटची जोडणी चालते. एजंट त्या ठशावर दुसऱ्याच बँकेत नवं खातं उघडतो, मोबाइल नंबर स्वतःचा देतो आणि जोडणी तिकडे वळवतो. घरचे जुनं पासबुक घेऊन तहसीलला खेटे घालतात, तिथे सांगतात “पैसे जमा झालेत”. दोघंही खरंच बोलत असतात.

दुसरी युक्ती याहून साधी. “ठसा उमटला नाही, ओल्या फडक्याने पुसून परत ठेवा.” म्हाताऱ्या बोटांच्या रेषा झिजलेल्याच असतात, त्यामुळे संशय येत नाही. पहिल्या ठशाने शिल्लक बघून होते, दुसऱ्याने आधारशी जोडलेल्या खात्यातून पैसे निघतात. एका व्यवहारात १०,००० पर्यंत, आणि ओटीपी लागत नाही. म्हणून प्रत्येक ठशाची छापील पावती हातात घ्या. शिल्लक पाहिली की रोख काढली, हे तिच्यावर असतं. पावती नाही तर दुसरा ठसाही नाही.

आजच करायचं काम: मायआधार संकेतस्थळावर रुग्णाच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते, बघा. अनोळखी बँकेचं नाव दिसलं तर आपल्या शाखेत आधार जोडणीचा अर्ज द्या आणि सध्याची जोडणी कुठे आहे ते त्यात स्पष्ट लिहा. मग मायआधारवरूनच बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे अंगठ्याचा ठसा कुणाला वापरता येणार नाही. खऱ्या कामासाठी ते तात्पुरतं उघडता येतं.

“दिव्यांगत्वाची टक्केवारी वाढवून देतो” म्हणणाऱ्याला तर उंबऱ्याच्या आतही घेऊ नका. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर फुकट होतो आणि टक्केवारी डॉक्टरांच्या तपासणीतच ठरते. खोटेपणाने दिव्यांगांचा लाभ घेतल्यास त्याच २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. एजंटाने परस्पर कमी दाखवलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यावरही नाव तुमचंच असतं, वसुलीची नोटीसही तुम्हालाच येते.

पैसे गेलेच असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे ज्या खात्यात गेले तिथेच गोठवता येतील की नाही, हे पहिल्या काही तासांवर ठरतं. त्यानंतर बँकेत लेखी तक्रार, आणि तहसीलदारांना अर्ज. सोबत सीडिंग स्टेटसची प्रत आणि पासबुकाच्या मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी जोडा, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.